दुपटं उन्हात धरलं तेव्हा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही म्हणाल, ही बाई शिकलेली असेल असं वाटत नाही. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

माझी मुलगी सुजाता आता तीन वर्षांची आहे. तिच्या पोटावर, उजव्या बरगडीखाली, आडवा व्रण आहे. अंगणवाडीत ती झगा वर करून तो सगळ्यांना दाखवते. कुणी विचारलं की सांगते, "हितनं माझा फुगा काडला." नवीन आलेल्या सेविकाबाई घाबरून माझ्याकडे आल्या होत्या.

मागच्या महिन्यात कऱ्हाटी गावची एक मुलगी पत्ता विचारत माझ्या घरी आली. सातवा महिना, हातात रिपोर्ट, आणि चेहरा असा की तो रिपोर्ट वाचायचीही मला गरज पडली नाही. तिला दोन तास समोर बसवून जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. औषधं, ऑपरेशन हे डॉक्टर सांगतील. मी घरात काय होतं ते सांगते.

पोटाचा फोटो

शहाण्णव सालचा मार्च होता. सातव्या महिन्यात पाय सुजले म्हणून बारामतीच्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी करून घ्यायला सांगितली. आमच्याकडे बायका त्याला पोटाचा फोटो म्हणायच्या. माझे मिस्टर अशोक इंदापूरला कचेरीत लिपिक, मार्चअखेर म्हणून त्यांना रजा नव्हती. मग निमगाव केतकीहून एसटीने सासूबाई माझ्याबरोबर आल्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. उंच, काटक बाई. सासरे गेल्यापासून दोन म्हशी एकटीने सांभाळतात. अक्षरओळख नाही, पण दुधात पाणी किती आहे ते बोट बुडवून सांगतात. माझं आणि त्यांचं भांडण नव्हतं आणि गोडीही नव्हती. एका घरात दोन शहाण्या बायका असल्या की जे होतं ते होतं.

मी टेबलावर झोपले. पोटावर काहीतरी गार लावलं. सोनोग्राफीचे डॉक्टर आधी बोलत होते, डोकं नीट आहे, हातपाय नीट आहेत, ठोके छान आहेत. मग ते एकाच जागी यंत्र फिरवत राहिले. वही तपासताना चूक सापडली की मीही अशीच एका ओळीवर थांबते. तेव्हाच मला कळलं.

मॅडमनी रिपोर्ट वाचून मला कागदावर चित्र काढून दाखवलं. बाळाच्या यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी एक बारीक नळी असते. त्या नळीला फुगा आला होता, बोराएवढा.

"हे फार क्वचित दिसतं," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? माझ्या पेशंटमध्ये मी पहिल्यांदाच बघतेय."

"मग आता काय करायचं?"

"आता काहीच नाही. तुम्ही जेवा, झोपा. बाळ बाहेर आलं की परत फोटो काढू. ऑपरेशन लागेल, पण ते होतं आणि मुलं बरी होतात."

शेवटचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. ते मला मिस्टरांनी दोन दिवसांनी, स्वतः मॅडमना भेटून आल्यावर सांगितलं. म्हणून कऱ्हाटीच्या मुलीला मी पहिली गोष्ट ही सांगितली, की डॉक्टरकडे एकटीने जाऊ नकोस, कुणीतरी ऐकायला बरोबर ने. त्या दिवशी आपले कान आपले नसतात.

ग्रहण

आत्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. आम्ही चालत स्टँडवर आलो. निमगावची गाडी लागायची होती. तिथे, गर्दीत उभ्या असताना, त्या एकच शब्द बोलल्या.

"गिराण."

आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सूर्यग्रहण झालं होतं. मला दुसरा महिना होता. आत्यांनी मला खोलीत बसायला सांगितलं होतं, चिरायचं नाही, शिवायचं नाही, बाहेर तर बघायचंच नाही. आणि मी वस्तीवरची दहा-बारा मुलं गोळा केली होती. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर सूर्य कसा पाडायचा ते त्यांना दाखवलं होतं. लिंबाखाली पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या आणि मुलं त्यांच्यावरून उड्या मारत होती. नोकरीतला माझा तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता.

"तवाच सांगत हुते, घरात बस," आत्या म्हणाल्या. "न्हाय ऐकलंस. आता बग, लेकराला भोगाय लागतंय."

आमच्या दोन्ही घरांतले देव छप्पन साली गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, पौर्णिमेला वंदना, पांढरी साडी. पण सासरच्या घरात ग्रहण तेवढं मागे राहिलं होतं. माहेरच्या घरात काय राहिलं होतं ते पुढे येईलच.

मी स्टँडवर, पन्नास माणसांच्या देखत म्हणाले, "आत्या, बाळंतपणाला मी पणदऱ्याला आईकडे जाणार आहे. तिकडं तुम्ही येऊ नका. बाळाला बघायलासुद्धा येऊ नका."

आत्यांनी पदर ओढून घेतला. गाडीत त्या माझ्या शेजारी न बसता पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसल्या.

आता कबूल करते. मी भांडले खरी, पण तो शब्द माझ्याबरोबर घरी आला. वर्गात मुलांसमोर उभी असताना मला त्या चंद्रकोरी दिसायच्या. पुढच्या खेपेला मी मॅडमना विचारलंच. आवाज इतका खाली गेला होता की त्यांनी दोनदा "काय?" म्हटलं.

"ग्रहणाने होतं का हो असं?"

त्या हसल्या असत्या तर मी परत कुणाला काही विचारलं नसतं. त्या हसल्या नाहीत. "नाही," त्या म्हणाल्या. "हे का होतं ते आम्हालाही माहीत नाही. पण तुमच्या हातून काही झालेलं नाही, एवढं नक्की माहीत आहे." बाहेर येऊन मी पाणपोईवर तोंड धुतलं आणि तिथेच उभी राहून रडले.

एकच काम

मे महिन्यात बारामतीत मुलगी झाली. गोरीपान, केसाळ, भुकेली. तिला बघून कुणाला खरं वाटलं नसतं की हिच्या पोटात काही आहे. पण तिसऱ्या दिवशीच्या फोटोत फुगा होता आणि तो थोडा वाढला होता.

मॅडमनी मला, मिस्टरांना आणि माझ्या आईला एकत्र बसवून सांगितलं. बाळ दूध पितंय, शी पिवळी होतेय, म्हणजे पित्त उतरतंय. दीड-दोन महिन्यांची होऊ दे, अंग धरू दे, मग पुण्याला ऑपरेशन. तोवर एकच काम. रोज शीचा रंग बघायचा आणि डोळे बघायचे. शी पिवळी आहे तोवर वाट बघायची. ती पांढरट झाली किंवा डोळे पिवळे झाले, की पित्त अडलं. मग एक दिवसही घरी थांबायचं नाही, कारण अडलेलं पित्त यकृत खराब करतं आणि ते नंतर सुधारत नाही. शिवाय पंधरा दिवसांनी दाखवायला आणायचं.

मिस्टर इंदापूरला परत गेले. पाचव्या दिवशी मी आणि बाळ पणदऱ्याला आईकडे आलो. मी बाळंतिणीच्या खोलीत भिंतीवर वर्षाचं एकपानी कॅलेंडर टांगलं, लाल पेन दोरीने बांधलं. रोज दुपटं बघायचं आणि रंग पिवळा असला की त्या तारखेच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. वहीत करते तशी. मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. इतक्या नेमाने दुसरी कुठली आई बघत असेल, असंसुद्धा मनात आलं होतं.

हळद

बाळंतिणीची खोली ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. वारं लागू नये म्हणून एकुलत्या खिडकीला आईने गोधडी ठोकली होती. दाराला घोंगडं. आत खाट, खाटेखाली शेगडी, ओव्याची आणि शेपेची धुरी, आणि वर चाळीसचा एक बल्ब. शिवारातले पंप सुरू झाले की तो बल्ब संत्र्याच्या सालीसारखा व्हायचा. त्या उजेडात सव्वा महिना राहायचं. बाळालाही त्याच्या आधी बाहेरचं ऊन दाखवायचं नाही.

आणि हळद. आई रोज सकाळी बाळाला तेल चोळायची, मग डाळीचं पीठ, साय आणि हळद लावून आंघोळ घालायची. माझ्या अंगालाही हळद. दुपटी, उशी, माझा पदर, खाटेची सुतळी, सगळं पिवळं. पाचवी आम्ही पुजली नाही. सटवाई वगैरे काही मानत नाही म्हणून आई शेजारणींना ठणकावून सांगायची. देव गेले होते, हळद राहिली होती. आणि हळदीला मी का नाही म्हणू? मलाही लहानपणी तसंच न्हाऊ-माखू घातलं होतं. मी सातवीच्या पोरांना हळदीचे गुण शिकवते.

पंधराव्या दिवशी दाखवायला न्यायचं होतं. आई म्हणाली, "केवढं ऊन पडलंय बाहेर. सव्वा म्हैना तरी हू दे गं. शी तर पिवळीच हाय की."

मीही म्हणाले, हो, पिवळीच आहे. कॅलेंडरवर ओळीने खुणा होत्या. माझ्याच खुणांनी माझी समजूत घातली. फोन करायचा तर दूध संस्थेपर्यंत जावं लागायचं, म्हणून मिस्टरांनाही कळवलं नाही.

बाविसावा दिवस

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अंगणात आवाज आला. आत्या. न कळवता, एकट्या, दोन एसटी बदलून आल्या होत्या. एका पिशवीत डिंकाचे लाडू, दुसरीत जुन्या लुगड्यांची धुऊन मऊ केलेली दुपटी. मी खाटेवर ताठ झाले. त्या आत आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "मला येऊ नगं म्हणली हुतीस. म्या भायेरच बसते. धुणं किती पडलंय ते दे, तेवडं धुऊन जाते."

आईला लाज वाटली. "अवो, विहीणबाई, तुमी कशाला," म्हणत राहिली. पण आत्यांनी घोंगड्याआडून हात घालून दुपट्यांची बादली ओढली आणि त्या अंगणातल्या धुण्याच्या दगडाकडे गेल्या. पाण्याचा आवाज आला. मग पाण्याचा आवाज थांबला.

थोड्या वेळाने घोंगडं बाजूला झालं. आत्या आत आल्या. हातात न धुतलेलं एक दुपटं.

"शीले, ह्येला तू पिवळं म्हणतीस?"

मी बघितलं. पिवळंच होतं. तसं मी म्हणाले.

"ऊठ. भायेर चल."

"विहीणबाई, बाळंतीण हाय ती," आई मध्ये आली. "वारं लागंल."

आत्यांनी ऐकलं नाही. माझा हात धरून त्यांनी मला उठवलं आणि अंगणात नेलं. इतक्या दिवसांनी मी ऊन बघत होते, डोळे उघडेनात. त्यांनी ते दुपटं माझ्यासमोर उन्हात धरलं. कडेला हळदीचे डाग होते. मधली शी ओल्या चुन्यासारखी होती. शेजारी लघवीचा डाग, तो मात्र गडद, चहासारखा.

"रेडकाला अशी हागवण लागली तर म्या त्येला त्याच दिशी डागदराकडं नेते," आत्या म्हणाल्या. "ह्ये तर माणसाचं लेकरू हाय."

मी अजूनही बाजू लढवत होते. लोकांनो, याला काय म्हणावं? मी म्हणाले, "अंग तर हळदीमुळं पिवळं आहे. डोळे मी रोज बघते."

आत्या आत गेल्या आणि बाळाला घेऊनच बाहेर आल्या. सव्वा महिन्याच्या आत, टोपडं न घालता, भर उन्हात. आई ओरडली. आत्यांनी ओल्या फडक्याने बाळाचं कपाळ पुसलं, गाल पुसले. फडकं पिवळं झालं, कातडी तशीच पिवळी राहिली. मग स्वतःच्या पदराची सावली बाळाच्या तोंडावर धरली. बाळाने डोळे उघडले. पांढऱ्याच्या जागी पिवळं होतं.

"डोळ्यांत कुणी हळद लावतं व्हय?" आत्या म्हणाल्या.

माझी आई तिथेच मातीत बसली. मी घरात जाऊन कॅलेंडर बघितलं. सतरा खुणा होत्या. सगळ्या लाल, ठसठशीत आणि त्यातल्या किती खोट्या होत्या ते मला कळायला मार्ग नव्हता.

पुणे

दूध संस्थेतून मिस्टरांना फोन केला. बारामतीत मॅडमनी बाळाचे डोळे बघितले आणि पुण्याच्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली. त्या मला रागावल्या नाहीत. पंधराव्या दिवशी का आला नाहीत, एवढंच विचारलं. संध्याकाळी आम्ही पणदऱ्याहून जीपने पुण्याला निघालो. मिस्टर, मी, बाळ आणि आत्या. आईला मी घरी राहा म्हणाले. ती चुलीपुढे बसून एकच वाक्य बोलत होती, "म्या माझ्या हातानं लावली." निघताना आत्या तिच्याजवळ वाकून म्हणाल्या, "हळदीनं कावीळ हुत न्हाय, विहीणबाई. नुसती दिसत न्हाय. तुमी काय केलं न्हाय." माझ्या मनात आलं, हेच वाक्य मला मार्चमध्ये हवं होतं.

पुण्यातल्या सर्जननी आल्या आल्या विचारलं, "शी पांढरी कधीपासून?" आत्यांनी पिशवीतून गुंडाळी काढली. निघताना त्यांनी ते कॅलेंडरच भिंतीवरून काढून आणलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण डॉक्टर दिवस विचारणार हे त्यांना माहीत होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सर्जननी खुणा बघितल्या, मी सगळं सांगितलं, बल्ब, गोधडी, हळद.

"उशीर झाला का?" मिस्टरांनी विचारलं.

"थोडा झाला. फार नाही. अजून महिनाभर असंच राहिलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. आधी चार दिवस इंजेक्शनं देऊ, काविळीत रक्त नीट गोठत नाही. मग फुगा काढू आणि आतडं वर आणून पित्ताची वाट जोडू."

"वाचंल नव्हं?" आत्यांनी विचारलं. आम्हा दोघांना जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते.

"आजी, माझा प्रयत्न तोच आहे," ते म्हणाले. त्यांनी हमी दिली नाही, आणि का कोण जाणे, त्यामुळे मला त्यांचा भरवसा वाटला.

वॉर्डात आयांनी कॉटखाली चटई टाकून राहायचं. सकाळी सहाला फिनेलचा वास आणि मावशींची हाक, "चला, बायांनो, पाय वर घ्या." सातला वजन. मग राउंड. राउंडच्या वेळी सगळ्या आया केस सारखे करून कॉटशेजारी उभ्या राहायच्या, जशी काही आमचीच तपासणी आहे. दुपारी व्हरांड्यात दुपटी वाळत घालायची आणि एकमेकींच्या मुलांचे ताप विचारायचे. साताऱ्याकडची एक बाई तिच्या डब्यातली भाकरी रोज मला अर्धी द्यायची आणि नाव विचारलं तर हसायची. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आत्या आणि मी व्हरांड्यात बसलो होतो. मी म्हणाले, "आत्या, मी स्टँडवर बोलायला नको होतं."

त्यांनी हातातल्या दुपट्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "अशोकच्या आदी मला एक पोरगी हुती. दोन म्हैन्यांची हून गेली. कशानं गेली कुणी सांगितलं न्हाय. माझी सासू म्हणली, गिराणात भाकरी थापल्यास म्हणून गेली. म्या तेच धरून बसले इतकी वर्सं. तुला तरी डागदरनं फोटू काडून सांगितलं." नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "तुला मी बोलाय नगं हुतं. मला बोललं तवा कसं वाटलं ते म्या इसरले."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आमच्यात असं काही कधी झालं नव्हतं, त्यामुळे त्यांचा हात आधी हवेतच राहिला. मग तो खाली आला.

सहा तास

सकाळी आठला बाळाला नेलं. माझ्या हातून घेताना सिस्टर म्हणाल्या, "नाव काय हो हिचं? कागदावर नुसतं शीलाचं बाळ लिहिलंय." बारसं व्हायचं होतं. मिस्टर माझ्याकडे बघायला लागले. आत्या म्हणाल्या, "सुजाता लिव्हा." नंतर मला कळलं, ते त्या गेलेल्या मुलीचं नाव नव्हतं. तिला नावच दिलं नव्हतं. हे त्यांनी तेव्हा तिच्यासाठी ठरवून ठेवलेलं नाव होतं.

ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी आत्या वंदनेतलं त्रिसरण म्हणत राहिल्या, ओठांतल्या ओठांत, परत परत. मिस्टरांनी तीन वेळा चहा घेतला आणि तिन्ही वेळा तो गार केला. मला दूध दाटलं होतं, ब्लाउज भिजत होता आणि पाजायला कुणी नव्हतं. त्याचं दुखणं कुणी पुस्तकात लिहीत नाही म्हणून लिहिते.

दोन वाजता सर्जन बाहेर आले. टोपी काढली, कपाळ पुसलं. "फुगा निघाला. वाट जोडली. यकृत चांगलं आहे, तुमचं नशीब." मग म्हणाले, "आता परत तेच काम. शीचा रंग. पिवळी आली की समजा, जोड चालू झाली. तोवर मीही निश्चिंत नाही."

पाच दिवस तिला थेंबभरही दूध द्यायचं नव्हतं. नाकात नळी, पोटात नळी, हाताला सलाईन, आणि ती रडायची, तिला ते कळत नव्हतं. मिस्टर दारात यायचे आणि परत जायचे. एकदा मी त्यांच्यावर ओरडले, "आत या ना! मी एकटीनेच बघायचं का?" ते आत आले, तिच्या तळपायावर बोट ठेवून उभे राहिले आणि रडले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना बघितलं. मला त्यांचा राग आला होता तो तिथेच उतरला.

सहाव्या दिवशी चमच्याने दूध सुरू झालं. सातव्या दिवशी शी झाली नाही. सर्जन राउंडला आले, पोट दाबून बघितलं आणि पुढच्या कॉटकडे गेले.

आठव्या दिवशी सकाळी झाली.

मी दुपटं बघितलं. वॉर्डात ट्यूबलाइट होती, खिडकीला हिरवा पडदा होता. मला काहीतरी पिवळं दिसत होतं, पण माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास उरला नव्हता. मी ते दुपटं तसंच हातात धरून वॉर्डातून पळत बाहेर आले. मागून सिस्टर ओरडत होत्या, "अहो बाई, ते घेऊन कुठं?" व्हरांड्याच्या टोकाला ऊन होतं, आणि तिथे आत्या दुपटी वाळत घालत होत्या.

मी ते त्यांच्यापुढे धरलं.

आत्यांनी दुपटं घेतलं, उन्हात धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सर्जनच्या तोंडाकडे मी कधी तसं बघितलं नव्हतं.

"पिवळी हाय," त्या म्हणाल्या. आणि परत, मोठ्याने, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "पिवळी हाय गं!" साताऱ्याकडच्या बाईने टाळी वाजवली. घाण दुपटं बघून इतक्या बायका हसल्या-रडल्या असतील असं दुसरं ठिकाण नसेल.

मग आत्यांनी हात धुतले, पिशवीतून ती गुंडाळी काढली आणि कॅलेंडर कठड्यावर पसरलं.

"लाव आता तुजी ती बरोबरची खूण."

लाल पेन पणदऱ्यालाच राहिलं होतं. सिस्टरकडून निळं मागून घेतलं आणि त्या तारखेच्या चौकोनात खूण केली. खूण वेडीवाकडी आली. तिच्यावर आधीच्या सतरा खुणा होत्या, लाल, एकसारख्या. मला त्या बघवेनात. पेन अजून हातात होतं. मी म्हणाले, "आत्या, या सगळ्या खोट्या आहेत. खोडून टाकते."

त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"खोडू नगंस," त्या म्हणाल्या. "त्या दिशी बी तू बगतच हुतीस की."